थिंकपॅड एक्स२३०वर कोअरबूट: पॉवर बटण दाबल्यानंतरचे पहिले काही सेकंद कुणाचे?

आजचा भाग जरा लांब आहे आणि दुसऱ्या अर्ध्यात स्क्रूड्रायव्हर लागणार आहे. लोकलमध्ये किंवा पीएमटीत बसून ऐकत असाल तर आत्ता नुसतं ऐका, हात घरी गेल्यावर लावा. ज्यांना वाचायला आवडतं त्यांच्यासाठी नेहमीसारखा सगळा भाग इथे लिहून दिलाय. बोलण्यातले 'अं' आणि 'म्हणजे' तेवढे काढलेत.

विषय असा: जुन्या लॅपटॉपमधला कंपनीचा बायोस काढायचा आणि त्या जागी ओपन सोर्स फर्मवेअर बसवायचं. उगाच हवेत बोलायला नको म्हणून एकच मशीन घेऊ. लेनोवोचा थिंकपॅड एक्स२३०, २०१२ सालचं मॉडेल. इंटेलचा तिसऱ्या पिढीचा प्रोसेसर, साडेबारा इंची स्क्रीन, १६ जीबीपर्यंत रॅम. मोठ्या ऑफिसांनी काढून टाकलेली ही मशीन्स सेकंडहँड बाजारात भरपूर आली, आणि कीबोर्ड चांगला, सुटे भाग मिळतात, म्हणून लोकांनी ती जपलीही.

आता हा विषय आत्ताच का? १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट संपला. विंडोज ११च्या अधिकृत यादीत तिसऱ्या पिढीचा प्रोसेसर बसत नाही. म्हणजे हार्डवेअर ठणठणीत, पण कागदोपत्री मशीन रिटायर. अशा लॅपटॉपवर लिनक्स टाकून अजून चार-पाच वर्षं अभ्यास, कोडिंग, पिक्चर सगळं होतं. लिनक्स टाकणारे बरेच आहेत. पण लिनक्सच्याही खाली एक थर असतो, आणि तिथे अजून जुन्या मालकाचाच कारभार चालतो. आज त्या थराबद्दल.

बायोस नेमकं करतो काय?

फोनचं उदाहरण घेऊ. फोन सुरू केला की अँड्रॉइड लगेच येत नाही, आधी बूटलोडर येतो. कुणी कस्टम रॉम टाकला असेल तर बूटलोडर अनलॉक करणं म्हणजे काय ते माहीत असेल. लॅपटॉपमध्ये तेच काम बायोस किंवा यूईएफआय करतो.

पॉवर बटण दाबलं की प्रोसेसर एका ठरलेल्या पत्त्यावरून पहिली सूचना वाचतो. हा पत्ता ४ जीबीच्या सीमेच्या १६ बाइट अलीकडे असतो, आणि तिथे मदरबोर्डवरची छोटीशी फ्लॅश चिप जोडलेली असते. गंमत अशी की त्या क्षणी रॅम चालूच नसते. रॅम म्हणजे नुसतं घातलं आणि चाललं असं नाही. कोणत्या वेगाने, किती विलंबाने बोलायचं हे प्रत्येक वेळी जुळवावं लागतं. मग रॅम नसताना प्रोग्राम चालणार कुठे? तर प्रोसेसरच्या स्वतःच्या कॅशमध्ये. कॅशलाच थोडा वेळ रॅम म्हणून वापरायचं, तेवढ्यात खरी रॅम जागी करायची, मग डिस्प्ले, यूएसबी, डिस्क वगैरे जागे करायचे आणि शेवटी ऑपरेटिंग सिस्टिमला हाक मारायची. हा सगळा संसार त्या एका चिपमधला प्रोग्राम मांडतो.

एक्स२३०मध्ये अशा दोन चिप्स आहेत, एक ८ एमबीची आणि एक ४ एमबीची. लॅपटॉपला मात्र त्या मिळून १२ एमबीची एकच जागा दिसते. हे आकडे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत.

कोअरबूट आलं कुठून?

१९९९मध्ये अमेरिकेतल्या लॉस अलामॉस राष्ट्रीय प्रयोगशाळेत रॉन मिनिक यांनी लिनक्सबायोस नावाचा प्रकल्प सुरू केला. तिथे शेकडो कॉम्प्युटर एकत्र जोडून मोठी गणितं करायची होती. घरचा पीसी अडला की माणूस कीबोर्डवर एक बटण दाबतो आणि पुढे जातो. शेकडो मशीन्सच्या रांगेत प्रत्येकापुढे कीबोर्ड घेऊन कोण उभं राहणार? त्यांना पटकन सुरू होणारं, कमी बोलणारं आणि गरज पडली तर आतून बदलता येणारं फर्मवेअर हवं होतं. २००८मध्ये याच प्रकल्पाचं नाव कोअरबूट झालं.

कोअरबूटची कल्पना साधी आहे: हार्डवेअर जागं करण्यापुरतंच काम करायचं आणि लगेच पुढच्याच्या हातात सूत्रं द्यायची. त्या पुढच्या प्रोग्रामला पेलोड म्हणतात. सीबायोस घेतला तर जुन्या पद्धतीचा बायोस मिळतो. ग्रब घेतला तर थेट लिनक्सचा बूट मेन्यू. ईडीके२ घेतला तर यूईएफआय. म्हणजे खाली कोअरबूट, वर आपल्या आवडीचा पेलोड.

आणि हा काही फक्त हौशी लोकांचा खेळ नाही. गूगलच्या क्रोमबुकमध्ये कोअरबूटच असतं. तुमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये क्रोमबुक असेल तर तुम्ही ते नकळत वापरलंय.

चालतंय ना, मग बदलायचं कशाला?

प्रश्न अगदी रास्त आहे. तीन कारणं सांगतो.

पहिलं, वायफाय कार्ड. एक्स२३०च्या मूळ बायोसमध्ये परवानगी असलेल्या कार्डांची यादी आहे. यादीबाहेरचं कार्ड घातलं की १८०२ क्रमांकाचा एरर येतो आणि लॅपटॉप पुढे जायलाच नकार देतो. कार्ड चांगलं, स्लॉट चांगला, ड्रायव्हर तयार, पण यादीत नाव नाही. जुन्या लॅपटॉपला नवं, वेगवान कार्ड बसवून आयुष्य वाढवायचं म्हटलं तर इथेच गाडी अडते. कोअरबूटमध्ये अशी यादीच नाही.

दुसरं, इंटेल मॅनेजमेंट इंजिन. चिपसेटच्या आत एक वेगळा छोटा प्रोसेसर असतो, तो मुख्य प्रोसेसरपासून स्वतंत्र चालतो. त्याचं फर्मवेअर बंद आहे आणि ते याच फ्लॅश चिपमध्ये राहतं. त्यावरच एएमटी नावाची सोय चालते, म्हणजे ऑफिसच्या आयटीवाल्याला नेटवर्कवरून लांबूनच मशीन सांभाळता यावं म्हणून. मे २०१७मध्ये या एएमटीमधली एक त्रुटी जाहीर झाली. लॉगिनच्या वेळी पासवर्डवरून काढलेल्या उत्तराची तुलना व्हायची, पण ती समोरून जेवढी अक्षरं आली तेवढ्यांचीच. समोरच्याने रिकामं उत्तर पाठवलं तर शून्य अक्षरांची तुलना, आणि शून्य अक्षरं जुळणारच! दार उघडं. आवृत्ती ६पासून ११.६पर्यंतच्या एएमटीमध्ये हे होतं, म्हणजे एक्स२३०च्या काळातली मशीन्सही त्यात आली. एएमटी चालू केलेली असेल तरच धोका, हे खरं. पण ऑफिसातून आलेल्या सेकंडहँड मशीनमध्ये आधीच्या मालकाने काय चालू ठेवलंय ते आपल्याला कुठे माहीत असतं?

तिसरं कारण अपडेटचं. इतक्या जुन्या मॉडेलसाठी कंपनी कायम नवा बायोस काढत बसणार नाही. ओपन सोर्समध्ये मशीन वापरणारे लोक आहेत तोवर काम चालू राहू शकतं.

आधी हे ठरवा: करायचं की नाही?

या भागातला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा हाच आहे, म्हणून कृतीच्या आधी सांगतो.

तुमच्याकडे एकच लॅपटॉप आहे, त्यावर प्रोजेक्ट आहे, पुढच्या महिन्यात सबमिशन किंवा परीक्षा आहे, तर करू नका. स्पष्ट सांगतो. फ्लॅश करायला दुसरा चालता कॉम्प्युटर लागतोच. तो नसेल आणि मधेच काही अडलं, तर लॅपटॉप उघडा पडून राहील आणि उपाय शोधायलाही हातात फक्त फोन असेल. लॅपटॉप घरातल्या दुसऱ्या कुणाचा असेल, धाकट्या बहिणीच्या अभ्यासाचा असेल, तर तिला विचारल्याशिवाय तर मुळीच नाही.

दुसरी बाजूही सांगतो. फोन पूर्ण ब्रिक झाला की बऱ्याचदा सर्व्हिस सेंटरशिवाय इलाज नसतो. एक्स२३०चं तसं नाही. बाहेरून चिपला क्लिप लावून लिहिता येतं, त्यामुळे मूळ फाइलचा बॅकअप चांगला असेल तर चुकीचं लिहिलेलंही पुसून जुनं परत टाकता येतं. म्हणून सगळी भिस्त बॅकअपवर आहे. बॅकअप नसेल तर मात्र खरंच अडचण.

सामान

लॅपटॉपमधूनच, नुसत्या कमांडने हे का करता येत नाही? कारण मूळ बायोस स्वतःच्या जागेवर लिहिण्याला कुलूप लावून ठेवतो. पहिल्यांदा बाहेरूनच जावं लागतं. त्यासाठी हे लागेल:

– लिनक्स असलेला दुसरा कॉम्प्युटर आणि त्यावर फ्लॅशरॉम हा प्रोग्राम.

– एसपीआय प्रोग्रामर. सीएच३४१ए नावाचा छोटा यूएसबी बोर्ड सगळीकडे मिळतो, पण इथे सावध राहा. आपल्या चिप्स ३.३ व्होल्टच्या आहेत आणि या बोर्डच्या नेहमीच्या काळ्या प्रकारात डेटाच्या तारांवर ५ व्होल्ट येतात. अनेकांचं त्यावर निभावतं, पण चिपवर ताण येतो. त्यापेक्षा रास्पबेरी पाय पिको घ्या. त्यावर सर्प्रॉग नावाचं फर्मवेअर टाकलं की तोच प्रोग्रामर होतो, आणि तो मुळातच ३.३ व्होल्टवर चालतो.

– आठ पायांच्या चिपला बसणारी एसओआयसी-८ क्लिप. पैसे वाचवायचेच असतील तर दुसरीकडे वाचवा, इथे नको. ढिली क्लिप म्हणजे निम्मी संध्याकाळ वाया.

– आखूड जंपर वायर आणि बारीक प्लस स्क्रूड्रायव्हर.

पायऱ्या

कमांड कानाने ऐकून कुणाला लक्षात राहत नाहीत, म्हणून मी त्या वाचून दाखवणार नाही. त्या कोअरबूटच्या अधिकृत माहितीत नीट दिलेल्या आहेत. मी क्रम आणि त्यामागचं कारण सांगतो. कारण कळलं की कमांड चुकत नाही.

एक: आधी कंपनीचा शेवटचा बायोस अपडेट टाका. काढूनच टाकायचाय तर अपडेट कशाला, असं वाटेल. पण लॅपटॉपमध्ये एम्बेडेड कंट्रोलर नावाची आणखी एक चिप असते. बॅटरी चार्ज करणं, पंखा, कीबोर्ड ही कामं तिची. तिचं फर्मवेअर कोअरबूट बदलत नाही, आणि ते अपडेट होतं कंपनीच्या बायोस अपडेटबरोबर. कोअरबूट गेल्यावर ही वाट राहत नाही. बाहेरच्या कंपनीची बॅटरी नाकारण्याचं कामही एक्स२३०मध्ये हाच कंट्रोलर करतो. म्हणजे कोअरबूटने वायफायची यादी जाते, बॅटरीची अट जात नाही. त्यासाठी कंट्रोलरचा वेगळा पॅच आहे, आणि हवा असेल तर तोही मूळ बायोस असतानाच करून घ्यायचा.

दोन: लॅपटॉप बंद करा. चार्जर काढा, बॅटरी काढा, आतली गोल सीमॉस बॅटरीही सोडवा. खालचे स्क्रू काढून कीबोर्ड आणि पामरेस्ट बाजूला करा. काळी प्लास्टिकची पट्टी हळूच उचलली की दोन चिप्स दिसतात. स्क्रीनकडची ४ एमबीची, आपल्याकडची ८ एमबीची. चिपच्या पाठीवरचा नंबर मोबाइलच्या टॉर्चमध्ये वाचा, फोटो काढून ठेवा.

तीन: क्लिप लावा. चिपच्या एका कोपऱ्यात छोटा ठिपका असतो, तो पाय क्रमांक १. क्लिपची लाल तार असते ती बहुतेक वेळा याच बाजूची, पण विश्वास ठेवू नका, तारा मोजून बघा. उलटी लागली तर चिपला चुकीच्या पायावर वीज जाते.

चार: वाचा. आणि एकदा वाचून थांबू नका. प्रत्येक चिप किमान दोनदा वाचा, क्लिप काढून परत लावून तिसऱ्यांदा वाचा. तिन्ही फाइल्सचा एसएचए२५६ काढा. तिन्ही तंतोतंत सारखे आले तरच पुढे. एकही वेगळा असेल तर क्लिप नीट बसलेली नाही, तार लांब आहे किंवा वेग जास्त आहे. वेग कमी करा, परत वाचा. चिपच सापडत नाही असं फ्लॅशरॉम म्हणालं तरी घाबरू नका, दहातल्या नऊ वेळा दोष क्लिपचाच असतो.

या फाइल्स पेन ड्राइव्हवर ठेवा, दुसऱ्या कॉम्प्युटरवर ठेवा, क्लाउडवरही ठेवा. ८ एमबीच्या फाइलमध्ये तुमच्या लॅन पोर्टचा मॅक अ‍ॅड्रेसही असतो, त्यामुळे ही फाइल दुसऱ्याची घेऊन चालत नाही आणि आपली कुठे जाहीर टाकायचीही नाही.

पाच: कोअरबूट तयार करा. सोर्स कोड उतरवायचा, आधी त्याचा स्वतःचा कंपायलर बनवायचा (यात वेळ जातो, चहा करून घ्या), मग मेन्यूमध्ये लेनोवो, मग एक्स२३० निवडायचं, पेलोड निवडायचा आणि बिल्ड करायचं. एक्स२३०ची चांगली गोष्ट म्हणजे रॅम जागी करणारा कोड कोअरबूटमध्ये मोकळा आहे, इंटेलची बंद फाइल लागत नाही. डिस्प्ले सुरू करणारा कोडही मोकळा आहे, आणि तो चक्क एडा या भाषेत लिहिलेला आहे. हे सगळं नको असेल तर लिब्रेबूट आणि स्कल्स हे प्रकल्प आहेत. कोअरबूटवरच उभे, पण बरंचसं काम आयतं करून देणारे.

सहा: लिहा. आता ते आकडे आठवा. १२ एमबीतले पहिले ५ एमबी म्हणजे जागेचा नकाशा, लॅनची माहिती आणि मॅनेजमेंट इंजिन. उरलेले ७ एमबी बायोसचे. त्यातले ३ एमबी ८ एमबीच्या चिपमध्ये आणि शेवटचे ४ एमबी छोट्या चिपमध्ये. प्रोसेसरची पहिली सूचना अगदी शेवटी असते, म्हणजे छोट्या चिपमध्ये. कोअरबूट ४ एमबीत आरामात मावतं. त्यामुळे पहिल्या वेळी फक्त छोटी चिप लिहिली तरी चालतं, मोठीला हातच लावायचा नाही. नवख्याने असंच करावं असं माझं मत आहे. लिहून झाल्यावर फ्लॅशरॉम स्वतः परत वाचून पडताळतो. 'व्हेरिफाइड' दिसल्याशिवाय क्लिप काढू नका.

मोठी चिप लिहायची कधी? मॅनेजमेंट इंजिन छाटायचं असेल तेव्हा. ते पूर्ण पुसलं तर मशीन सुरू होतं, पण साधारण ३० मिनिटांनी स्वतःहून बंद पडतं. इंटेलने तशी व्यवस्था केलेली आहे. म्हणून एमई क्लीनर नावाचा प्रोग्राम सुरुवातीला लागणारे तुकडे तेवढे ठेवतो आणि बाकीचं काढतो. ५ एमबीचं फर्मवेअर १०० केबीच्या आत येतं. मशीन सुरू होण्यापुरतं इंजिन जागं होतं, एएमटी वगैरे काही उरत नाही. याच वेळी नकाशातली कुलपं काढून ठेवली तर पुढचे अपडेट लॅपटॉप न उघडता, आतूनच करता येतात.

सात: सगळं जोडा, सुरू करा आणि धीर धरा. पहिल्यांदा रॅम जुळवायला जास्त वेळ लागतो, तेवढा वेळ स्क्रीन काळीच असते. लगेच बंद करू नका. ही जुळवणी साठवली जाते, त्यामुळे पुढच्या वेळी पटकन सुरू होतं.

काय मिळालं, काय गेलं

मिळालं ते सांगितलंच: कोणतंही वायफाय कार्ड, छाटलेलं मॅनेजमेंट इंजिन, झटपट बूट, आणि स्वतः बिल्ड केलेलं फर्मवेअर.

गेलं काय? बाण दाबत फिरायचा तो बायोस सेटअपचा निळा-पांढरा पडदा गेला. सेटिंग आता लिनक्समधून कमांडने किंवा बिल्डच्या वेळीच करायची. यूईएफआय पद्धतीने टाकलेलं विंडोज सीबायोसवर सुरू होणार नाही, त्यासाठी ईडीके२ घ्यावं लागेल. आणि काही बिघडलं तर हेल्पलाइन नाही. बॅटरी जास्त टिकेल, गेम पळतील, असं कुणी सांगितलं तर सोडून द्या.

आणि हे 'शंभर टक्के मोकळं' झालं का? नाही. प्रोसेसरचा मायक्रोकोड बंद, एम्बेडेड कंट्रोलर बंद, मॅनेजमेंट इंजिनचा छोटा तुकडा शिल्लक. कमी झालं, संपलं नाही.

मग माझ्या नव्या लॅपटॉपवर?

हा प्रश्न येणारच. उत्तर बहुतेक वेळा 'नाही'. इंटेलने चौथ्या पिढीपासून बूट गार्ड आणलं. त्यात लॅपटॉप बनवणारी कंपनी आपल्या किल्लीची खूण चिपसेटमध्ये कायमची कोरू शकते. मग त्या किल्लीने सही नसलेलं फर्मवेअर मशीन चालवतच नाही. क्लिप लावा, चिप बदला, काही करा. सुरक्षेच्या दृष्टीने याला अर्थ आहे: चोराला बायोस बदलता येत नाही. पण मालकालाही येत नाही, आणि दोघांत फरक करायची सोय ठेवलेली नाही. थिंकपॅड टी४८०, म्हणजे २०१८चं मॉडेल, त्यावर २०२४च्या शेवटी लिब्रेबूट आलं. पण ते कसं? मॅनेजमेंट इंजिनच्या जुन्या आवृत्तीतल्या एका त्रुटीचा फायदा घेऊन. आपल्याच मशीनमध्ये शिरायला भगदाड शोधावं लागतं, अशी एकूण परिस्थिती.

म्हणून एक्स२३०सारख्या मशीनला महत्त्व आहे. ते वेगवान नाही, पण बूट गार्डच्या आधीचं आहे.

तुमच्याकडे असा लॅपटॉप असेल तर एक छोटं काम सुचवतो. या रविवारी काहीही लिहू नका. फक्त उघडा, क्लिप लावा, दोन्ही चिप्स वाचा, तिन्ही बेरजा जुळतात का बघा आणि बॅकअप ठेवून लॅपटॉप परत बंद करा. तेवढं जमलं तर पुढचं जमेल. नाही जमलं तर काहीच बिघडलेलं नसेल, आणि सोमवारी लॅपटॉप नेहमीसारखा सुरू होईल.

चला, भेटू पुढच्या भागात. तोवर अपडेट करत राहा, आणि त्याआधी बॅकअप!